रुआबांध्याची शाळा कोणाच्या जाहीरनाम्यात?

भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीलगतचे रुआबांधा हे नाव दोन वस्त्यांना लागू पडते. कारखान्याच्या क्वार्टरांचा रुआबांधा सेक्टर ही एक आणि मूळ खेड्याभोवती वाढत गेलेली रुआबांधा बस्ती ही दुसरी. दोन्हीकडचा मतदार आज रिसाली महानगरपालिकेचा मतदार आहे. भिलाई महानगरपालिकेचे विभाजन करून डिसेंबर २०१९ मध्ये रिसालीला स्वतंत्र दर्जा देण्यात आला आणि २० डिसेंबर २०२१ रोजी तिच्या ४० प्रभागांसाठी पहिले मतदान झाले. घटनेच्या कलम २४३-यू नुसार पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची असते. त्यामुळे २०२६ ची अखेर किंवा २०२७ चा प्रारंभ हा या प्रभागांत उमेदवारांनी पुन्हा मतदारांचे दार ठोठावण्याचा काळ ठरतो.

छत्तीसगडात नगरसेवकाला पार्षद म्हणतात. पार्षदपदाचा उमेदवार दारी आला की नाली, पथदिवे, नळ आणि रस्ता या चार गोष्टींचा हिशेब त्याला द्यावाच लागतो. शाळेचा विषय निघाल्यास मात्र ‘शिक्षण हा राज्य शासनाचा विषय आहे’ एवढे एक वाक्य त्याची सुटका करण्यास पुरेसे ठरते. हे वाक्य निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यात केंद्राचा एक कायदा आहे, पालिकेच्या कराच्या देयकातील एक ओळ आहे आणि अल्पसंख्य भाषकांना घटनेने दिलेले एक आश्वासन आहे. उमेदवाराची शिक्षणविषयक भूमिका तपासायची तर आधी या निम्म्या भागाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेत सुमारे १३ हजार शालेय जिल्हे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची मंडळे मतदार थेट निवडून देतात. तेथील उमेदवाराला अभ्यासक्रम, शिक्षकांचे वेतन, शाळा बंद करण्याचे निर्णय यांवर भूमिका मांडावीच लागते. भारतात अशी थेट निवडणूक रूढ झाली नाही. तथापि शाळा आणि स्थानिक मतदार यांच्यामध्ये कोणताच धागा नव्हता, असे मात्र नाही. रुआबांध्याच्या परिसरात तो होता, आणि त्याची सूत्रे एकेकाळी नागपुरातून हलत होती.

नागपूरच्या राजवटीतील शाळा

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. या मध्य प्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आपल्या क्षेत्रात शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग त्याने स्थानिक संस्थांना मोकळा करून दिला. या कायद्यामागची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकाचा गाभाही हाच होता. पालिका आणि जिल्हा मंडळे यांनी पुढाकार घ्यावा, कर बसवावा आणि आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करावे, अशी ती योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. परंतु शाळेची जबाबदारी शाळेच्या सर्वांत जवळच्या निर्वाचित संस्थेकडे असावी, हा विचार प्रांतोप्रांतीच्या कायद्यांतून पुढे आला.

१९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे केली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी आणि गावच्या समितीने तिची देखरेख करावी, असे तिचे स्वरूप होते. नावावरून मुस्लिम लीगने तिला कडाडून विरोध केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती मागे पडली. पुढे १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने प्रत्येक तहसिलीसाठी जनपद सभा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जनपद सभेत निवडून जाणाऱ्या सभासदाला शाळा ‘आपला विषय नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. कालांतराने मध्य प्रदेश शासनाने या शाळा आपल्या हाती घेतल्या आणि शाळा व निर्वाचित सभासद यांच्यातील पहिली गाठ सुटली.

कारखान्याचे छत्र

दुसरी गाठ कारखान्याने सोडवली. तीही चांगल्या हेतूने. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कराराच्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्लच होते. गावाच्या समितीने चालवावयाच्या शाळेचे स्वप्न पाहणाऱ्या नेत्याच्या कारकिर्दीतच कंपनीने चालवावयाच्या शाळेचा पाया घातला गेला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

कारखान्याने वसाहतीत सेक्टरनिहाय शाळा उभारल्या. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, विदर्भ अशा ठिकाणांहून आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसली. भिलाईला ‘लघु भारत’ हे नाव मिळण्यात या वर्गखोल्यांचा वाटा मोठा आहे. सेक्टर-१० च्या वरिष्ठ माध्यमिक शाळेने अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांत मिळवलेला लौकिक देशभर पोहोचला. विदर्भातून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांची दुसरी पिढी याच शाळांतून अधिकारी, अभियंते आणि डॉक्टर होऊन बाहेर पडली.

या व्यवस्थेची एक मर्यादा होती. कारखान्याच्या शाळेचा विश्वस्त व्यवस्थापन होते. व्यवस्थापन पोलाद प्राधिकरणाला आणि प्राधिकरण दिल्लीच्या पोलाद मंत्रालयाला उत्तरदायी होते. मतदार या साखळीत कोठेच नव्हता. कारखाना भरभराटीत होता आणि कायम कामगारांची संख्या मोठी होती तोवर त्याची उणीव कोणाला भासली नाही. कामगार संघटनेच्या दडपणाने बरेच काम होत असे. कायम नोकऱ्या घटल्या, कंत्राटी कामगार वाढले, वसाहतीतील मुलांची संख्या रोडावली आणि एकामागून एक शाळा बंद किंवा एकत्र होऊ लागल्या, तेव्हा ही उणीव उघडी पडली. शाळा चालवणे हे पोलाद कारखान्याचे मूळ काम नव्हे, असे व्यवस्थापनाने म्हटल्यास ताळेबंदाच्या दृष्टीने ते चूक ठरत नाही. प्रश्न असा की, कारखान्याने सोडलेली जबाबदारी उचलायची कोणी? पालिकेने ती मागितली नाही आणि राज्याने ती सहजासहजी स्वीकारली नाही.

बस्तीतील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी जुना आहे. कंपनीच्या शाळेचा पहिला हक्कदार कंपनीच्या नोकराचा मुलगा होता. कारखान्यासाठी ज्या परिसरातील खेड्यांच्या जमिनी गेल्या, तेथील मुलांसाठी सरकारी शाळा हाच मुख्य आधार राहिला. रुआबांध्याच्या सेक्टरात आणि बस्तीत शाळेचा प्रश्न वेगवेगळ्या दाराने आला. त्यामुळे दोन्हीकडच्या पालकांची एकत्रित मागणी उभी राहणे कठीण गेले.

खेड्याला हक्क, शहराला ‘उत्तेजन’

तिसरी गाठ घटनादुरुस्तीच्या काळातील आहे. १९९२ मध्ये संसदेने पंचायती आणि नगरपालिका यांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या दोन दुरुस्त्या संमत केल्या. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ‘प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण’ हा विषय सतराव्या क्रमांकावर स्पष्ट शब्दांत आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तेराव्या क्रमांकावर केवळ ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन’ एवढेच शब्द आहेत. ‘शाळा’ हा शब्द तेथे नाही. याचा अर्थ विचित्र आहे. रुआबांध्यासारखे खेडे वाढून शहराच्या हद्दीत गेले की त्याच्या निर्वाचित प्रतिनिधीच्या यादीतून शाळा गळून पडते आणि ‘उत्तेजन’ उरते.

अविभाजित मध्य प्रदेशाने नव्वदच्या दशकात ही दरी काही अंशी भरून काढली होती. १ जानेवारी १९९७ रोजी सुरू झालेल्या शिक्षण हमी योजनेने, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने मागणी केल्यास ९० दिवसांत शाळा देण्याचे बंधन शासनावर घातले. त्याच काळात शिक्षाकर्मींची भरती पंचायती आणि नगरीय संस्था यांच्यामार्फत होऊ लागली. शहरातील अशा शिक्षकाचा नियोक्ता पालिका होती. पगार तुटपुंजा, सेवाशर्ती अस्थिर आणि वेतन महिनोन्‌महिने रखडण्याच्या तक्रारी कायमच्या. म्हणूनच शिक्षाकर्मींनी वारंवार आंदोलने केली आणि त्यांची मागणी न्याय्य होती. २०१८ मध्ये रमण सिंह सरकारने आठ वर्षे सेवा झालेल्या शिक्षकांचे शालेय शिक्षण विभागात संविलियन केले. १ जुलै २०१८ पासून ते अमलात आले आणि एक लाखाहून अधिक शिक्षक विभागाचे कर्मचारी झाले. उरलेल्यांचे संविलियन भूपेश बघेल सरकारने २०२० मध्ये पूर्णत्वास नेले.

शिक्षकांसाठी हा मोठा विजय होता. सरकारी शाळेसाठीही तो हितकारक ठरावा, कारण अस्थिर शिक्षकाच्या भरवशावर शाळा टिकत नाही. पण त्याचा एक परिणाम राजकीय चर्चेत फारसा आलाच नाही. पालिकेकडे असलेला शाळेचा शेवटचा मोठा धागा यामुळे सुटला. शिक्षक विभागाचा, अभ्यासक्रम राज्याचा, इमारतीचा निधी समग्र शिक्षा योजनेचा आणि नियंत्रण जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांचे, अशी वाटणी पक्की झाली. पार्षदाच्या वाट्याला स्वातंत्र्यदिनाचा झेंडा आणि बक्षीस समारंभाची खुर्ची उरली.

कायदा मात्र पालिकेचेच नाव घेतो

येथेच त्या निम्म्या खऱ्या वाक्याची दुसरी बाजू सुरू होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याने ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत महानगरपालिकेचा थेट समावेश केला आहे. कलम ९ मध्ये या प्राधिकरणाची कर्तव्ये एकेक करून सांगितली आहेत. हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे, परिसरात शाळा उपलब्ध आहे याची खात्री करणे, दुर्बल घटकांतील बालकांशी भेदभाव होऊ न देणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे आणि हद्दीतील शाळांच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, ही त्यांतील काही. कलम ३२ नुसार बालकाच्या शिक्षणहक्काविषयीची लेखी तक्रार याच प्राधिकरणाकडे करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत लागला पाहिजे आणि त्यावर समाधान न झाल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत ही समिती असावी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि स्थानिक प्राधिकरणाचे निर्वाचित प्रतिनिधीही असावेत, असे हे कलम सांगते. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम कलम २२ ने याच समितीकडे सोपवले. अमेरिकेतील शालेय मंडळाची आठवण करून देणारी संस्था आपल्याकडे असेल तर ती हीच. फरक एवढाच की, तिची निवड पालकांच्या सभेत होते, प्रचाराविना होते आणि पुष्कळदा मुख्याध्यापकांनी सुचवलेल्या नावांवर सह्या घेऊन होते.

याखेरीज पैशाचाही प्रश्न आहे. छत्तीसगडातील पालिकांच्या मालमत्ता कराच्या देयकात ‘शिक्षा उपकर’ अशी स्वतंत्र ओळ असते. शिक्षणाच्या नावाने नागरिकाकडून कर घेणारी संस्था शिक्षणाशी आपला संबंध नाही, असे म्हणू शकत नाही. महापौर परिषदेत शिक्षणाचे खाते सांभाळणारा सदस्यही असतो. कर आहे, खाते आहे, कायद्यातील कर्तव्य आहे. नाही तो निवडणुकीतला प्रश्न.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकाला येथे महाराष्ट्रातील शिक्षण मंडळांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली महाराष्ट्रातील अनेक पालिकांत शिक्षण मंडळे होती. त्यांचे सभासद मतदार थेट निवडत नसत. नगरसेवक ते निवडून देत. तरीही पुणे किंवा नाशिकसारख्या शहरात शाळेसाठी कोणाचे दार ठोठवायचे, हे पालकाला ठाऊक असे. मंडळाच्या सभापतीला वृत्तपत्रे प्रश्न विचारीत आणि पटसंख्या घटली की सभागृहात गदारोळ होई.

या मंडळांना आदर्श मानण्याचे कारण नाही. गणवेश, वह्या, दप्तरे यांच्या खरेदीवरून आणि बदल्यांवरून ती सतत वादात राहिली. सभासदत्व हे अनेकदा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याच्या पुनर्वसनाचे साधन ठरले. शिक्षण हक्क कायद्यानंतर जुना कायदा निरुपयोगी झाला, असे कारण देऊन राज्य शासनाने २०१३ मध्ये तो रद्द केला. मंडळेही टप्प्याटप्प्याने इतिहासजमा झाली आणि त्यांचे काम पालिका प्रशासनाच्या शिक्षण विभागांकडे गेले. इंग्लंडमध्येही असेच घडले होते. तेथे १८७० मध्ये निर्वाचित शालेय मंडळे आली, लंडनच्या पहिल्याच मंडळात स्त्रिया निवडून आल्या आणि १९०२ च्या कायद्याने ही मंडळे संपुष्टात आणून त्यांचे काम सर्वसाधारण स्थानिक संस्थांकडे सोपवले.

या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. मंडळ गेले तरी शाळा निर्वाचित पालिकेच्या घरातच राहिली. मुंबई महापालिकेची शिक्षण समिती आजही कायद्याने अस्तित्वात आहे. दिल्ली महापालिका दीड हजारांहून अधिक प्राथमिक शाळा चालवते. त्यामुळे राजधानीत पालिकेच्या निवडणुकीत शाळा हा विषय टाळणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही. रिसालीच्या उमेदवाराला ते परवडते, कारण शाळा तेथे पालिकेच्या घरातून केव्हाच बाहेर पडली आहे.

उमेदवाराची भूमिका कशावर तपासावी?

सरकारी शिक्षणाविषयी पार्षदपदाच्या उमेदवाराची भूमिका साधारणतः तीन प्रकारची असू शकते. पहिली, शिक्षण वरच्यांचा विषय मानून बाजूला होण्याची. दुसरी, शाळेला केवळ बांधकाम मानण्याची. कुंपण, रंगरंगोटी, शेड आणि कोनशिला यांत ती संपते. तिसरी, कलम ९ ची कर्तव्ये आपली मानून त्यांचा हिशेब देण्याची. पक्ष कोणताही असो, उमेदवार यांपैकी कोठे उभा आहे हे ओळखण्यासाठी काही ठोस कसोट्या आहेत.

पहिली कसोटी शाळांच्या ‘युक्तियुक्तकरणा’ची. २०२५ मध्ये राज्य शासनाने दहा हजारांहून अधिक शाळांचे एकत्रीकरण केले. त्यांतील बहुसंख्य शाळा एकाच आवारातील होत्या. शहरी भागासाठी ३० पेक्षा कमी पटसंख्या आणि ५०० मीटरच्या आत दुसरी शाळा हा निकष ठेवण्यात आला. शिक्षकविहीन आणि एकशिक्षकी शाळांना शिक्षक मिळावेत, हा शासनाचा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. शिक्षक संघटना आणि विरोधी काँग्रेस यांनी पदे कमी होतील आणि वस्तीजवळची शाळा जाईल, असा आक्षेप घेतला. तोही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पार्षदाने या वादात केवळ पक्षाची री ओढणे पुरेसे नाही. नकाशावरचे ५०० मीटर आणि सहा वर्षांच्या मुलीला मोठा रस्ता ओलांडून चालावे लागणारे ५०० मीटर यांत अंतर असते. ते सांगणारा माणूस त्या प्रभागाचाच असावा लागतो. परिसरात शाळा असल्याची खात्री करणे हे कायद्याने पालिकेचे कर्तव्य असल्याने अशा निर्णयावर सभागृहाने आपले मत नोंदवावे, असे उमेदवाराला वाटते काय?

दुसरी कसोटी इंग्रजी माध्यमाची. बघेल सरकारने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने शासकीय इंग्रजी शाळा सुरू केल्या. फी परवडत नसलेल्या पालकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. सरकारी शाळेपुढे प्रवेशासाठी रांग लागू शकते, हे या शाळांनी दाखवून दिले. परंतु त्यांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांकडे सोपवला गेला. निर्वाचित पालिकेला तेथेही निर्णायक स्थान मिळाले नाही. काही ठिकाणी हिंदी माध्यमाच्या जुन्या शाळेच्या इमारतीत नवी शाळा आल्याने आधीच्या मुलांचे काय, हा प्रश्न उपस्थित झाला. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर या शाळांच्या व्यवस्थापनाची चर्चा पुन्हा सुरू झाली. एका निवडक शाळेला भरभरून देणे आणि शेजारच्या चार शाळा तशाच ठेवणे याला सार्वजनिक शिक्षण म्हणावे काय, यावर उमेदवाराने स्पष्ट बोलले पाहिजे.

तिसरी कसोटी कारखान्याच्या शाळांची. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती आणि मैदाने यांचा उपयोग शिक्षणासाठीच व्हावा की अन्य कामासाठी, हा निर्णय आज व्यवस्थापन घेते. पालिकेचा ठराव व्यवस्थापनावर बंधनकारक नाही. परंतु निर्वाचित सभागृहाने एकमताने केलेल्या ठरावाकडे सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी आणि तिचे मंत्रालय सहजी पाठ फिरवू शकत नाहीत. त्यासाठी सेक्टर आणि बस्ती या दोन्ही प्रभागांचे पार्षद एकत्र यावे लागतील. बस्तीतील मुलाला सेक्टरातील रिकाम्या वर्गखोलीत जागा मिळावी, अशी मागणी सेक्टरच्या उमेदवाराने केली, तर त्याची शिक्षणविषयक निष्ठा वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावी लागणार नाही.

चौथी कसोटी हिशेबाची. शिक्षा उपकरातून किती रक्कम जमा झाली आणि ती कोणत्या शाळेवर खर्च झाली, हे दरवर्षी प्रभागनिहाय जाहीर करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. बालकांची नोंदवही ठेवण्यासही नाही. रुआबांध्यात १४ वर्षांखालील किती मुले शाळेबाहेर आहेत, याचे उत्तर पार्षदाला देता आले पाहिजे. बांधकामावर आणि कंत्राटी कामावर येणाऱ्या कुटुंबांची मुले हजेरीपटावर येतात आणि काही महिन्यांत नाहीशी होतात. कलम ९ ने स्थलांतरितांच्या मुलांचा वेगळा उल्लेख केला आहे तो याचसाठी.

मातृभाषेचे विसरलेले कलम

पाचवी कसोटी भाषेची आहे आणि ती भिलाईतील मराठी कुटुंबांना थेट भिडते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने ‘आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने’ करावा, असे ते सांगते. स्थानिक प्राधिकरण म्हणजे पालिका. ज्या वर्षी दुर्ग जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला त्याच वर्षी हे आश्वासन दिले गेले, हे विशेष.

छत्तीसगडातील मराठी समाजाने या कलमाचा आग्रह क्वचितच धरला. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव, नाटके आणि ग्रंथालये यांतून भाषा जपली, रायपूरच्या मंडळाने तर शाळाही चालवली. सरकारी शाळेत मात्र हिंदीशी जुळवून घेणे आणि पुढे इंग्रजीकडे वळणे हाच मार्ग बहुतेकांनी पत्करला. आज रुआबांध्यात स्वतंत्र मराठी शाळेची मागणी करणे व्यवहार्य ठरणार नाही. पण हाच प्रश्न बस्तीतील छत्तीसगडी बोलणाऱ्या मुलापुढेही आहे. तो अल्पसंख्य नाही, तरीही पहिलीच्या वर्गात त्याला घरच्या भाषेपेक्षा वेगळी भाषा भेटते. नोव्हेंबर २००७ मध्ये छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा देण्यात आला. प्राथमिक शाळेत छत्तीसगडी, गोंडी, हलबी आदी भाषांतून शिकवण्याची घोषणा शासनाने जानेवारी २०२० मध्ये केली आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेवर भर दिला. पहिल्या दोन इयत्तांत मुलाच्या घरच्या भाषेचा आधार घेणारा शिक्षक, शाळेच्या कपाटात मराठी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगडी पुस्तके आणि आठवड्यातून काही तास त्या भाषांसाठी, एवढी मागणी पालिकेच्या आवाक्याबाहेरची नाही. मराठी मतदाराने ती स्वतःपुरती न मागता बस्तीतील शेजाऱ्यासह मागितली, तर तिला राजकीय वजन प्राप्त होईल.

प्रश्न विचारण्याची वेळ

पुढील निवडणुकीत आणखी एक बदल संभवतो. २०२१ मध्ये रिसालीचे महापौरपद पार्षदांच्या मतांनी ठरले होते. त्यानंतर कायदा बदलला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रायपूर, दुर्ग, बिलासपूर आदी शहरांत महापौर थेट जनतेने निवडले. हीच पद्धत रिसालीत आली, तर महापौरपदाच्या उमेदवाराला संपूर्ण शहरापुढे जाहीरनामा घेऊन यावे लागेल. एका प्रभागाची नाली हा त्याचा विषय राहणार नाही. शहरातील सर्व शाळांविषयी त्याला बोलते करण्याची ही संधी आहे.

शासकीय सेवेतील मराठी अधिकारी आणि कारखान्यातील निवृत्त कर्मचारी यांची यात विशेष भूमिका आहे. नियम कसे वाचावेत, ठराव कसा लिहावा, तक्रार कोणत्या कलमाखाली करावी, हे त्यांना ठाऊक असते. बस्तीतील शाळा व्यवस्थापन समितीच्या महिला सभासदांना हे ज्ञान मिळाले, तर विकास आराखडा मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा कागद राहणार नाही. स्वतःची मुले खासगी शाळेत किंवा परराज्यात शिकून गेली म्हणून सरकारी शाळेच्या प्रश्नातून मोकळे होण्याचा अधिकार, कारखान्याच्या शाळेवर मोठ्या झालेल्या पिढीला तरी नाही.

रुआबांध्यापासून काही मैलांवर कुटेलाभाटा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर उभा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली ही संस्था भिलाईच्या शैक्षणिक लौकिकावर शिक्कामोर्तब करते. त्या परिसरात पोहोचण्याचा रस्ता मात्र पहिलीच्या वर्गातून जातो, आणि त्या वर्गाचा हिशेब मागण्याचे दिवस पाच वर्षांतून एकदाच येतात. ‘शिक्षण हा राज्याचा विषय आहे’ असे उमेदवाराने पुन्हा सांगितल्यास मतदाराने त्याच्यापुढे कराच्या पावतीतील शिक्षा उपकराची ओळ धरावी आणि ती रक्कम कोठे गेली एवढेच विचारावे.